अंगावर डाग किती?

भिवंडीला कोणी हिंडायला जात नाही. माझ्या मैत्रिणी माथेरानला जातात, उटीला जातात आणि परत येऊन घोड्यावर बसलेले फोटो दाखवतात. मी या जानेवारीत भिवंडीजवळच्या वळ नावाच्या गावी चार दिवस राहून आले. घोडा मलाही भेटला, पण तो टांग्याला जुंपलेला होता आणि माझ्यावर नाराज होता.

वळ म्हणजे छडी खाल्ल्यावर तळहातावर उठतो तो. गावाला हे नाव कोणी आणि कसल्या रागात ठेवलं, ते मला कळलं नाही. विचारायची लाज वाटली. मला बहुतेक गोष्टी विचारायची लाज वाटते.

वळ हे माझ्या वडिलांचं गाव. ते तिथून शिकायला म्हणून मुंबईला आले, एका जहाज कंपनीत कारकून झाले आणि कारकुनाच्या मुलीने मेमसाहेब व्हावं म्हणून त्यांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. मी मेमसाहेब झाले नाही. मराठीत अडखळणारी आणि इंग्रजीत गप्प राहणारी मुलगी झाले. गावी माझी धाकटी आत्या असते, गोदाआत्या. तिच्या मुलीला, सुगंधाला, बघायला पाहुणे येणार होते आणि आत्याचा निरोप होता की बेबीला पाठवा. बेबी म्हणजे मी. माझं शाळेतलं नाव वळमध्ये कोणाला माहीत नाही, त्यामुळे तिथे ते मी सांगितलंही नाही.

धामणकर नाका

ठाण्याहून एस.टी.त बसताना वडिलांनी बजावलं होतं की अंजूर फाट्याला उतर. फाटा आला. कंडक्टर घंटीची दोरी धरून दाराशी उभा होता. "थांबा" एवढंच म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात ते दोनदा नीट जुळवलं आणि तोवर फाटा मागे गेला. धामणकर नाक्याला सगळेच उतरले, तेव्हा मीही मला तिथेच यायचं होतं अशा चेहऱ्याने उतरले.

नाक्यावर कापडाचे तागे वाहणाऱ्या हातगाड्या, बैलगाड्या, ट्रक आणि माणसं एकमेकांना शिव्या देत आपापल्या वाटेने जात होती. भिंतीवर लाल त्रिकोण होता आणि त्याखाली दोन किंवा तीन मुलं पुरेत म्हणून लिहिलं होतं. त्या भिंतीला टेकून एक बाई पाचव्याला पाजत होती. टांगेवाल्याने कुठे जायचं विचारलं. मी घाबरले की इंग्रजीत बोलते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हिंदी में बोलो मेमसाब, घोड़ा इधर का है."

टांगा नारपोलीतून गेला. तिथे घराघरात कापड विणायचे लूम आहेत. खटखट हा शब्द अपुरा आहे, पण दुसरा नाही. जमीन, टांगा, माझे दात, सगळं एका तालात हलत होतं. आमच्या चाळीत शेजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून माणसं हळू बोलतात. नारपोलीत कोणालाच ऐकू जात नाही म्हणून ओरडतात, आणि लूमपासून लांब गेली तरी ओरडतच राहतात. त्या गोंगाटात मी टांग्यात बसल्या बसल्या मोठ्याने माझं पूर्ण नाव घेतलं. टांगेवाल्याने मान वळवली नाही. मला फार बरं वाटलं. लाजऱ्या माणसांनी सुट्टीला उटीऐवजी नारपोलीला जावं.

वळ, पहिली संध्याकाळ

इथे मला माझ्या डाव्या हाताबद्दल सांगायला हवं. नऊ वर्षांची असताना रॉकेलचा स्टोव्ह भडकला आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. आता तिथली कातडी चुरगळून परत सरळ केलेल्या कागदासारखी आहे. मी बारा महिने लांब बाह्यांचं पोलकं घालते. आमच्या घरी त्याला डाग म्हणतात. डाग राहील हं, डागाला चंदन लाव, लग्नाच्या वेळी डागाचं काय करायचं ते बघू. मुंबईची माणसं सभ्य असतात. ती हाताकडे बघतात, मग खिडकीकडे बघतात, मग म्हणतात की फारसा दिसत नाही गं.

वळमध्ये ही सभ्यता अजून पोचलेली नाही. मी पाय धुवायला बसले, बाही भिजली आणि आत्याने ती सरळ वर सारली. हात उजेडाला धरला, उलटापालटा करून बघितला आणि शेजारणींना हाक मारली. तीन बायका आल्या. त्यांनी माझा हात बाजारातल्या पापलेटासारखा तपासला. एकीने विचारलं, कशाचा वन हाय गो? त्या वणाला वन म्हणत, डाग म्हणत नसत. स्टोव्हचा म्हटल्यावर तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. तिचा स्वतःचा कोयत्याचा होता, घोट्यावर. दुसरीचा चुलीचा. तिसरी म्हातारी होती. तिला बैलाने शिंग मारलं होतं, आणि कुठे ते दाखवण्यासाठी तिने ओटीवर, भर संध्याकाळी, लुगडं मांडीपर्यंत वर घेतलं. मी खिडकीकडे बघायला गेले, पण ओटीला खिडकी नव्हती.

आत्याच्या यजमानांना, म्हणजे आतोबांना, पायाला फुरसं चावल्याची खूण आहे. ते त्यांनी मला जेवताना सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा फुरशाचा नाग झाला होता. जेवायला तांदळाची भाकरी आणि चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं, कालवण होतं. चिंबोरी कशी फोडायची ते मला येईना, म्हणून आतोबांनी ती त्यांच्या दातांनी फोडून माझ्या ताटात ठेवली. मुंबईत माझ्या आईला हे सांगितलेलं नाही.

एवढ्या सगळ्या प्रदर्शनात एकच माणूस मागे मागे राहत होतं, ते म्हणजे सुगंधा. ती वाढायला आली तरी माझ्याकडे डावा गालच करून यायची. मला वाटलं, हीदेखील माझ्यासारखीच लाजरी आहे. नातेवाइकांबद्दल माझा अंदाज इतका क्वचितच चुकतो.

दुसरा दिवस, शेड

घरामागे पत्र्याची शेड आहे आणि तीत दोन लूम. सकाळी मी बघायला गेले तर एका लूमवर कामगार होता आणि दुसऱ्यावर सुगंधा. ती चालत्या लूमकडे बघतच नव्हती, बायका चुलीवरच्या भाताकडे बघत नाहीत तशी, आणि बरोबर वेळेला लूम थांबवून धोट्यातली संपलेली सुताची कांडी काढून भरलेली घालत होती. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचा लाकडाचा ठोकळा, दोन्ही टोकांना पोलादी अणी. तो आडवा धागा घेऊन या टोकाकडून त्या टोकाला जातो, म्हणजे जातो असं सांगतात. मला तो दिसला नाही, इतका जोरात जातो.

मग तिने मान वळवली आणि मला तिचा उजवा गाल दिसला. कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत एक जाड, चकचकीत रेघ.

तिने ते ओरडून सांगितलं, कारण तिथे दुसरा इलाजच नव्हता. दोन वर्षांपूर्वी कामगार उत्तरेकडे आपल्या मुलखाला गेला होता आणि दोन्ही लूम तीच चालवत होती. धोटा उडाला. टाके पडले. आठवड्याने ती परत लूमवर उभी राहिली, कारण कामगार आणखी महिनाभर आलाच नाही. एवढं सांगून तिने मला बाजूला सरकवलं, कारण मी ज्या जागी उभी होते ती धोटा उडण्याची जागा होती.

दुपारी तालीम सुरू झाली. पाहुणे नारपोलीचे होते. मुलाच्या घरी चार लूम, मुलगा एकुलता एक, वडील नाहीत, सगळा कारभार आईच्या हातात. आत्याला हे स्थळ हवं होतं आणि ते जाईल अशी धास्ती होती, म्हणून घर फिरवण्यात आलं. पाहुण्यांचा बाक डाव्या भिंतीला गेला. सुगंधाचा पाट असा ठेवला की तिचा उजवा गाल माजघराच्या दाराकडे राहील. उजवीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून टाकलं, तिकडे कोणी बघू नये म्हणून. मग आतोबा पाहुण्यांच्या बाकावर जाऊन बसले, वाकले, मान लांब केली आणि म्हणाले की दिसतो. तेव्हा आत्याची नजर माझ्यावर पडली. मी उंच आहे. मला सुगंधाच्या उजव्या हाताला बसवलं आणि आतोबा म्हणाले की आता दिसत नाही.

मला आडोसा म्हणून मुंबईहून बोलावलं नव्हतं, पण उपयोग तोच झाला. आत्याने वर हेही सांगितलं की बेबी इंग्रजी शाळेतली हाय, घरात शिकलेली मानसा हायत हे पन दिसंल. मी विचारलं, मला काही बोलावं लागेल का? आत्या घाईने म्हणाली, नको.

कालपासून सगळं गाव मला आपापले वण दाखवत होतं. बैलाचे, कोयत्याचे, नागाचे. लग्न व्हायच्या मुलीच्या गालाला मात्र माणूस आडवं लावायचं होतं. मला राग आला. मला राग येतो तेव्हा बाहेरून काही दिसत नाही, म्हणून कोणी सावध झालं नाही.

तिसरा दिवस, पाहुणे

चांगुणाबाई, म्हणजे मुलाची आई, बुटकी, रुंद आणि मोठ्या आवाजाची बाई. तिने आल्या आल्या सांगितलं की बाक गैरसोयीचा आहे, पण बसली तिथेच. मुलगा रघुनाथ तिच्याशेजारी. त्याने केसांना तेल इतकं लावलं होतं की माशा घसरत होत्या. तो सुगंधाकडे बघत नव्हता. मागच्या शेडमधून आवाज येत होता, तो ऐकत होता. थोड्या वेळाने त्याने आतोबांना विचारलं की दुसऱ्या लूमचा पट्टा सैल आहे का. आईने त्याच्याकडे बघितल्यावर तो गप्प झाला.

नाव, वय, शाळा किती, कालवण येतं का, सगळं झालं. सुगंधा पाटावर ताठ बसून डाव्या गालाने उत्तरं देत होती. चहा आला, लाडू आले. चांगुणाबाईंनी लाडू हातात घेतला, फोडला नाही, आणि आतोबांना विचारलं, "पोरीच्या अंगाव डाग किती?"

आतोबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आत्या जमिनीकडे बघू लागली. सुगंधाची मानही खाली गेली.

ही शांतता मला ओळखीची होती. मी नऊ वर्षांची असल्यापासून ती माझ्याभोवती आहे. इतक्या निर्लज्जपणे मात्र कोणी विचारलं नव्हतं, चारचौघांत, लाडू हातात घेऊन. माझ्या कानांत नारपोली सुरू झाली. आणि मी बोलले. मला आठवतंय त्याप्रमाणे मी उभी राहिले होते, त्याची गरज नव्हती.

"एक आहे," मी म्हणाले. "उजव्या गालावर. धोट्याचा. तिने तो चोरून आणलेला नाही, काम करताना लागलाय. आणि डाग मोजायचेच असतील तर माझाही मोजा." असं म्हणून मी डावी बाही कोपरापर्यंत वर केली.

शिवाय मी उभी राहिल्यामुळे आडोसाच गेला. बाकावरून सुगंधाचा उजवा गाल अख्खा दिसू लागला.

चांगुणाबाई माझ्या हाताकडे बघत राहिल्या, मग सुगंधाकडे, मग परत माझ्याकडे. मग त्यांनी आत्याला विचारलं, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू होता, "ही काय बोलते गो? मी सोन्याचा इचारते."

मराठी पुस्तकं वाचणाऱ्यांना हे एव्हाना कळलं असेल. मला तेव्हा कळलं. डाग म्हणजे दागिना. गळ्यात एक डाग, हातात दोन डाग. जुनी माणसं सगळीकडे म्हणतात म्हणे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी आठवड्यातून दोन तास होतं आणि ते शिकवणाऱ्या बाईंच्या अंगावर कुठलाच डाग नव्हता.

मला खाली बसायचं होतं, पण पाय वाकेनात. आणि मग आत्या हसली. तिने तोंडाला पदर लावला, तरी खांदे हलत होते.

"हाय कुठं सोना," ती म्हणाली. "माझ्या गल्यातला डाग इकून लूम घेतला, लूमनी पोरीच्या गालाव डाग दिला. घेतला तेवढा परत केला."

आतोबांना हे आवडलं नाही. सोनं विकल्याची गोष्ट ते आजवर पाहुण्यांपासून लपवत होते, आणि ती गालाच्या पाठोपाठ बाहेर पडली होती. पण चांगुणाबाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्या बाकावरून उठल्या, सुगंधाची हनुवटी धरली आणि तो गाल दाराच्या उजेडाकडे फिरवला. अगदी माझ्या हातासारखा. किती टाके, त्यांनी विचारलं. लूम कोण चालवत होतं? एकटी? दोन्ही? लागल्यावर परत कधी उभी राहिलीस? सुगंधा एकेका शब्दात उत्तर देत होती. आठवड्यानं, म्हटल्यावर चांगुणाबाईंनी मागे वळून मुलाकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला नंतर आत्याने सांगितला: तू तापाने महिना झोपला होतास.

मग त्या परत बसल्या आणि लाडू फोडला. म्हणाल्या, सोनं राहू द्या. आमचे कारागीर होळीला मुलखाला जातात ते कधी येतील ते देवालाही माहीत नसतं, चारातले दोन लूम बंद पडतात. सोनं काय कांडी भरतं? ही पोर आम्हाला चालेल.

आत्याने डोळे मिटले. आतोबांचा हात लाडवांच्या ताटाकडे गेला. माझ्या चुकीचं एकदम पुण्य झालं होतं, आणि मी मनात एक छोटंसं भाषण तयार करू लागले होते, डागांच्या मोलाबद्दल, बरंचसं इंग्रजीत.

तेवढ्यात सुगंधा बोलली. मान वर करून, पूर्ण तोंड त्यांच्याकडे करून.

"लूम चालवीन," ती म्हणाली. "पन कारागिराला देता तो पगार मना द्याचा. माझ्या हाताव."

आता आतोबांचा हात ताटातच राहिला. आत्या म्हणाली, गप बस गो. चांगुणाबाई म्हणाल्या, "घरची सून पगार घेते का कुठं?"

"घरच्या सुनेला धोटा वलखतो का? तो घरचा-बाहेरचा बगून उडत न्हाय."

रघुनाथला हसू आलं. आईने बघितल्यावर त्याने ते खोकल्यात बदललं. चांगुणाबाईंनी लाडवाचा आणखी एक तुकडा मोडला. स्थळ गेलं, असं त्या खोलीतल्या प्रत्येकाला वाटलं असणार. आत्याचे ओठ काही तरी पुटपुटत होते, देवाचं नाव असेल किंवा मुलीला शिवी. मी अजून उभीच होते.

"कारागीर जेवतो खानावळीत, त्याच्या पैशान," चांगुणाबाई शेवटी म्हणाल्या. "तू जेवशील माझ्या चुलीव."

"मंग जेवान कापा."

"दोन्ही टायमाचा."

"दुपारचा. रातचा मीच रांधनार हाय ना."

चांगुणाबाईंनी लाडवाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला. मग हात झटकून आत्याला म्हणाल्या की लग्न होळीच्या आधी करा, कारागीर जायच्या आत. रघुनाथने विचारलं की जाण्याआधी तो पट्टा बघून घेऊ का. कोणी नको म्हणायच्या आत तो मागच्या शेडमध्ये गेलाही होता.

पाहुणे गेल्यावर

संध्याकाळी सगळं गाव ओटीवर होतं. माझ्या उभं राहण्याची गोष्ट आतोबांनी तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा मी चांगुणाबाईंच्या तोंडासमोर हात नाचवला होता आणि इंग्रजीतून दम दिला होता. बैलवाल्या म्हातारीने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. एकूण त्या मुक्कामातली ती एकच वेळ जेव्हा मला कोणी नावाजत होतं आणि मला आत पळून जावंसं वाटत नव्हतं. बाही वरच राहिली होती, हे मला डास चावले तेव्हा कळलं.

सुगंधा मागे मोरीवर कपबश्या विसळत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. मला वाटलं, ती काहीतरी बोलेल. आभार मानेल असं मी म्हणणार नाही, पण वाटलं तेच होतं. तिने ओली बशी माझ्या हातात दिली आणि फडकं दाखवलं.

मी पुसायला लागले. मग न राहवून विचारलं की तू रागावलीस का. तिला हे सगळं उघडं पडायला नको होतं का.

"उघडा पडाचाच होता," ती म्हणाली. "लगीन झाल्याव काय गालाव कॅलेंडर लावनार व्हते?"

मग तिने सांगितलं. आईबापांसमोर ती दोन दिवस मुकाट डावा गाल करून बसली, पण मनात तिचं ठरलेलं होतं. चहा होऊ द्यायचा, त्यांना सोन्याशिवाय हो म्हणू द्यायचं, लग्न ठरल्याची सुपारी हातात पडू द्यायची. मग तोंड फिरवायचं, गाल दाखवायचा आणि पगाराचं बोलायचं. हो म्हणून बसलेला माणूस सुपारी परत करत नाही.

"सुपारी पडाच्या आधी तू माझा माल दाखवलास बेबी, मंग पगाराचा पन आधीच बोलाया लागला," ती म्हणाली आणि पुढची बशी माझ्याकडे सरकवली. "दुपारचा जेवान गेला माझा तुझ्यापायी."